तीन नंबरचं दार

"विदर्भाच्या इतिहासात सूर्याला आज पहिल्यांदाच प्रत्युत्तर मिळालं आहे. यापुढे ऊन आपलं काहीही बिघडवू शकणार नाही!"

एवढं बोलून केंद्राचे संचालक डॉक्टर मुकुंद दळवी समई पेटवायला वाकले आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक कांदा खाली पडला.

कांदा घरंगळत प्रमुख पाहुण्यांच्या बुटाशी जाऊन थांबला. ऊन लागू नये म्हणून चंद्रपुरात माणसं खिशात कांदा ठेवतात. कोकणातून आलेल्या दळवींनी बारा वर्षांत इथलं एवढं एकच शास्त्र मनापासून स्वीकारलं होतं. पाहुण्यांनी कांदा उचलून परत केला. "असू द्या," ते म्हणाले, "माझा आहे माझ्याकडे."

सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या कुंदा उरकुडे हसल्या नाहीत. सत्तावन्न वर्षांच्या, ग्रीष्मविकार संशोधन केंद्रातल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ. गेली सव्वीस वर्षं केंद्राचे सहा मोठे फ्रीझर त्या सांभाळत होत्या आणि या काळात त्यांनी नऊ उद्घाटनं पाहिली होती. प्रत्येक उद्घाटनानंतर त्यांचं काम थोडं वाढायचं, हा त्यांचा अनुभव होता.

या वेळी उद्घाटन होतं 'हिमपाल'चं.

हिमपाल म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर आधी फ्रीझरचं दुखणं समजून घ्यावं लागेल. रक्ताचा नमुना वर्षानुवर्षं टिकवायचा तर तो शून्याखाली ऐंशी अंशांवर ठेवतात. तिथे सगळी रासायनिक धावपळ थांबते. रक्त जणू रजेवर जातं. पण तापमान उणे पन्नासच्या वर सरकू लागलं, की बर्फाचे बारीक कण एकमेकांना मिळून मोठे होतात आणि त्यांच्या कडा आसपासचं सगळं फाडत सुटतात. नळी वरून तशीच दिसते. आत मात्र वीस वर्षांची साक्ष कोणीतरी चुरगाळून टाकलेली असते. पुन्हा गोठवून ती सरळ होत नाही.

आणि फ्रीझर थंडी तयार करत नाही. तो फक्त आतली उष्णता उचलून खोलीत टाकतो. खोलीतली उष्णता एसी बाहेर टाकतो. बाहेर एकोणपन्नास अंश. सरकारी खात्यातली फाईल जशी या टेबलावरून त्या टेबलावर जाते तशी उष्णता फिरत राहते, नष्ट कुठेच होत नाही. दोन हजार चव्वेचाळीसच्या त्या उन्हाळ्यात रात्रीही पारा सदतीसच्या खाली उतरत नव्हता. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरांना दम खायला वेळ मिळत नव्हता आणि वीज गेली की वीस-पंचवीस तास येत नव्हती. केंद्रातल्या बॅटऱ्या सहा फ्रीझर नऊ तास चालवू शकत. म्हणजे काही वाचवायचे आणि काही सोडायचे, हे ठरवणं आलं.

त्यासाठी तीन बैठका झाल्या. प्रत्येक शास्त्रज्ञाने आपला फ्रीझर देशासाठी अपरिहार्य असल्याचं पटवून दिलं. 'अमुक फ्रीझर सोडावा' या कागदावर सही करायला कोणीच तयार होईना. माणसांना ठरवता येत नाही अशी गोष्ट ठरवायला यंत्र आणतात. चूक झाली तर मग ती कोणाचीच नसते.

हिमपाल प्रत्येक दारावर लक्ष ठेवायचा. कोणतं दार किती वेळा उघडतं, किती डबे आत जातात, किती बाहेर येतात, यावरून तो त्या फ्रीझरची किंमत ठरवायचा. ज्या दाराला माणसाचा हात वारंवार लागतो त्याच्या आत काहीतरी मोलाचं असणार, हे त्याचं तर्कशास्त्र. वाईट नव्हतं. देवळालाही हाच नियम लावतात.

फक्त त्यात कुंदाताई बसत नव्हत्या.

*

कुंदाताईंची कामाची पद्धत अशी. दार उघडण्याआधी कागदावर लिहायचं: कोणती मांडणी, कितवा डबा, कितवी नळी. हातमोजे घालायचे. मनात मोजत दार उघडायचं आणि पंधराच्या आत बंद करायचं. आणि ज्याचं काम नाही ते दार उघडायचंच नाही. तीन नंबरच्या फ्रीझरचं दार त्या वर्षातून एकदाच उघडत, एप्रिलच्या शेवटी, नव्या नळ्या ठेवायला.

तीन नंबरात दोनशे बारा माणसांचं रक्त होतं. रस्त्यावर डांबर टाकणारी माणसं. सतरा उन्हाळे, कोणी पहिल्यापासून, कोणी मागाहून, त्यांनी दरवर्षी येऊन एकेक नळी भरून दिली होती. उन्हात राबणाऱ्या माणसाची मूत्रपिंडं कोणत्या वर्षी, कशी हार मानू लागतात, ते त्या नळ्यांत होतं. 'दुपारी बारा ते चार डांबराचं काम बंद ठेवा' या मागणीवर सरकारने सतरा वर्षं एकच उत्तर दिलं होतं: पुरावा दाखवा. आणि आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अशी तपासणी निघाली होती, जी जुन्या रक्तातून तो पुरावा काढू शकत होती. शिवाय आज धडधाकट दिसणाऱ्यांपैकी पुढचा कोण, हेही सांगू शकत होती. दोन जूनला नळ्या पाठवायच्या होत्या. एकदाही न वितळलेल्या.

ही दोनशे बारा माणसं विज्ञानावरच्या प्रेमाने आली नव्हती. त्यांना आणलं होतं कुंदाताईंच्या थोरल्या भावाने. देविदास मेश्राम, टोळीचा मुकादम. "बहीण हाय माही तिथं," एवढंच तो म्हणायचा, "रक्त वाया जाणार नाई." आता तो एकसष्टचा होता. मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बाकीच्या दिवशी केंद्राच्या व्हरांड्यात येऊन बसायचा, कारण तिथली फरशी घरापेक्षा गार होती. त्याचा मुलगा प्रफुल, वय एकोणतीस, त्याच टोळीत डांबर टाकत होता आणि त्याचीही नळी तीन नंबरात होती.

आता चार नंबरविषयी सांगायला हवं, कारण ते पाप कुंदाताईंचंच होतं.

सहा वर्षांपूर्वी दळवी सरांनी दबक्या आवाजात विचारलं होतं, "उरकुडे बाई, घरून हापूसचा रस आलाय. दोनच डबे. कुठे कोपऱ्यात जागा होईल?" प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये खाण्याची वस्तू ठेवणं हा गुन्हा आहे. पण आठच दिवस आधी स्टोअरकीपर घाटेंनी मटाराची पिशवी थेट तीन नंबरात सारली होती आणि ती काढताना दार अर्धा मिनिट उघडं राहिलं होतं. कुंदाताईंनी विचार केला: लोक ऐकणार तर नाहीत, निदान एका जागी तरी जावोत. चार नंबर नवा होता, रिकामा होता. त्यांनी त्याची किल्ली दारालाच राहू दिली, सरांना तसं सांगितलं आणि तीन नंबरची काळजी मिटली असं त्यांना वाटलं.

पुढे सगळेच तिथे जाऊ लागले. नोंद नसलेला डबा आत घेतला की फ्रीझर बोंबलायचा, म्हणून सगळ्यांनी डब्यांवर रीतसर नमुन्याच्या चिठ्ठ्या छापून चिकटवल्या. 'दम-सात' म्हणजे दळवी, मुकुंद, सातवा डबा. गंमत अशी, की प्रत्येकाला वाटायचं आपला एकट्याचाच डबा चोरून ठेवलाय, बाकीचं सगळं शास्त्र आहे. त्यामुळे प्रत्येक जण तिथे हळूच, आदराने जायचा. मे महिन्यात ते दार दिवसातून तीसेक वेळा उघडायचं.

*

सव्वीस मे, गुरुवार, सकाळी अकराला वीज गेली.

पावणेबाराला हिमपालने पडद्यावर यादी लावली. फ्रीझर चार: अतिमहत्त्वाचा, पूर्ण पुरवठा. फ्रीझर एक आणि सहा: मध्यम. दोन आणि पाच: अर्धा पुरवठा. फ्रीझर तीन: निष्क्रिय संग्रह, पुरवठा बंद.

कुंदाताईंनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग 'मूल्य बदला' ही कळ दाबली. पडद्याने कारण विचारलं आणि पर्याय दिले: शोधनिबंध, पेटंट, मान्यवरांची भेट, इतर. त्यांनी 'इतर' निवडून लिहिलं: 'शब्द दिला आहे.' हिमपाल म्हणाला, हे कारण ओळखता आलं नाही.

व्हरांड्यातून देविदास भिंत धरत आला. "काय झालं वं कुंदे? तोंड काऊन असं झालं?"

"तीन नंबर बंद केला मशीननं."

"काऊन?"

"दार उघडत नाही म्हणून. तिला वाटलं कोणाच्या कामाचं नाही."

देविदासने यावर बराच विचार केला. "म्हणजे तू सतरा वर्षं नीट सांभाळलं, म्हणून."

"हो."

"मंग उघड ना धडाधड! पन्नास खेप उघड, पन्नास खेप लाव. मशीनले दाखव ना, लय काम हाय म्हणून."

"दादा, उघडलं की गरम हवा आत जाते. मशीनला पटेपर्यंत आत रस्सा होईल."

"अजब हाय," देविदास म्हणाला आणि स्टुलावर बसला. "आमच्या ठेकेदाराचंबी असंच होतं. जो लय बोंबलायचा त्याले सावलीतलं काम."

बारा वाजता तीन नंबरचा काटा उणे एकाहत्तरवर होता. साडेबाराला चौसष्टवर. एसी बंद, खोली एक्केचाळीस. कुंदाताईंनी फ्रीझरवर गोधड्या टाकल्या. शहरात कोरडा बर्फ मिळत नव्हता. त्याची गाडी आदल्या रात्रीपासून हायवेवर इंजिन तापून उभी होती. मग त्या दळवी सरांकडे गेल्या.

सर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. कुंदाताईंनी सांगितलं, "सर, चार नंबर रिकामा करायचा आहे. तीनचं सामान त्यात हलवते."

सर दचकले. "बाई, चार नंबर? अहो, हिमपालच्या पहिल्याच अहवालात तो राज्यातला सर्वाधिक वापरला जाणारा संग्रह आहे. मागच्या महिन्यात मला त्याबद्दल शाल मिळाली."

"माहीत आहे सर. मीच धरली होती, तुम्ही फोटोसाठी हात जोडले तेव्हा."

"आत महत्त्वाचे नमुने आहेत."

"काय आहे आत?"

सरांनी डोक्यावरचा पंचा सारखा केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, माझे दोन-चार डबे आहेत, मी नाकारत नाही. ते काढा. पण बाकीचं?"

"बाकीचंही तेच आहे, सर."

"म्हणजे?"

"घाटेंचा मटार आहे. ऑफिसातल्या बायकांचा कैरीचा गर आहे, पन्ह्यासाठी. डॉक्टर सबनीसांचं सीताफळ. एक डबा कोणाचा ते मलाही कळलेलं नाही, पण वास पुरणाचा येतो."

"मग शास्त्र कुठे आहे?"

"शास्त्र तीन नंबरात आहे, सर. उणे साठवर. आता एकोणसाठ झालं असेल."

दळवी वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. त्यांना सप्टेंबरात पुण्याला बदली हवी होती आणि ती शाल त्या अर्जाला जोडलेली होती. चार नंबरमधून परवानगीशिवाय डबे काढले की हिमपाल थेट राजधानीला कळवणार: अतिमहत्त्वाचे नमुने नष्ट, चौकशी करावी. परवानगी द्यायची, तर आत काय आहे ते लिहून द्यावं लागणार.

"संध्याकाळपर्यंत वीज येईल कदाचित," ते म्हणाले.

"कदाचित."

"तुमचं निवृत्तीला वर्ष राहिलंय, बाई. विनापरवाना काढलंत तर तुमच्या नावावर जाईल. मी... मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणावं लागेल मला."

"म्हणा सर," कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागवायला जी ताकद लागते ती त्यांना रॅक उचलायला हवी होती.

*

चार नंबरचं दार उघडताच हिमपालने तांबडा दिवा लावला. पहिला डबा बाहेर आला, 'दम-तीन', आणि भोंगा वाजला. भोंग्यासोबत एक मंजुळ आवाज बोलू लागला: "अतिमहत्त्वाचा नमुना क्रमांक दम-तीन अनधिकृतपणे हलवला जात आहे. कर्मचारी: उरकुडे, कुंदा."

"नाव तरी नीट घेते," देविदास म्हणाला. त्याला उचलायला मनाई होती, म्हणून तो थर्मोकोलच्या खोक्यांची झाकणं धरून उभा राहिला.

भोंगा ऐकून सगळं केंद्र जमलं. घाटे आले. आपला मटार ओळखून त्यांनी तो पटकन पाठीमागे धरला. मग डॉक्टर सबनीसांच्या हातात सीताफळ आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सहा वर्षांचा आदर एका क्षणात वितळला.

"तुम्हीपण?" सबनीसांनी विचारलं.

"मला वाटलं तुमचे विषाणू आहेत म्हणून मी श्वास रोखून दार उघडायचो हो!"

"बोलू नका," कुंदाताई म्हणाल्या, "घ्या आणि बाजूला व्हा."

मग तीन नंबर. सात रॅक होते. प्रत्येकात कुंदाताईंनी एक जुनी युक्ती करून ठेवली होती: उणे पन्नासला वितळणाऱ्या रंगीत द्रवाची एक नळी, गोठलेली, आणि तिच्यावर एक काचेचा मणी. रॅक कधीही त्या पातळीच्या वर गेला की द्रव वितळतो आणि मणी बुडतो. नंतर पुन्हा गोठवला तरी मणी खालीच राहतो. यंत्र बंद असलं तरी मणी खोटं बोलत नाही.

पहिला रॅक. मणी वर. दुसरा, मणी वर. त्या मनात मोजत होत्या, चौदाच्या पुढे जात नव्हत्या. तिसरा. चौथा. हातमोज्यातून गारठा हाडात शिरत होता आणि पाठीवरून घाम वाहत होता. पाचवा, सहावा. मणी वर.

सातवा रॅक सगळ्यात वरचा होता, दाराच्या फटीजवळचा. त्यातला मणी तळाला बसला होता.

कुंदाताई थांबल्या. मोजणं चुकलं.

"काय झालं?" देविदासने विचारलं.

"पहिली दोन वर्षं गेली, दादा. तू आणलेली पहिली माणसं."

देविदासने हातातलं झाकण खाली टेकवलं. त्या दोन वर्षांत रक्त दिलेल्यांपैकी एकोणीस जण आता नव्हते. तो त्यांना घरून उठवून आणत असे. पहिल्या वर्षी एक जण सुई पाहून पळाला होता आणि त्याला झाडावरून उतरवावं लागलं होतं.

"प्रफुलचं?"

"त्याची सहाच वर्षं आहेत. खालच्या रॅकमध्ये. आहे ती."

"मंग दार लाव आधी," देविदास म्हणाला. "नाहीतर थेबी जाईल."

चार नंबरचं दार लागलं. हिमपालने पाहिलं, की या दारातून पाऊण तासात शंभराहून जास्त डबे आले-गेले. इतकं काम त्याने आजवर कुठेच पाहिलं नव्हतं. भारावून जाऊन त्याने दोन आणि पाचचा पुरवठा आणखी कमी केला आणि वाचलेली सगळी बॅटरी चार नंबरला दिली. योग्य निर्णय होता. कारण मात्र नेहमीचंच.

व्हरांड्यात आमरस वितळू लागला होता. फेकायचा कसा? घाटेंनी स्टीलचे पेले आणले. रस्त्यावरून डोक्याला टॉवेल बांधून चाललेल्यांनाही हाका मारल्या गेल्या. दळवी सर आपल्या खोलीच्या दारात उभे राहून पाहत होते. बऱ्याच वेळाने ते आले आणि देविदाससमोर पेला धरला. "घ्या."

"मले नाई चालत साहेब. आंब्यात पोटॅशियम असते. पाणीबी मोजून प्यावं लागते."

सर पेला तसाच धरून उभे राहिले. मग खोलीत गेले आणि कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं: फ्रीझर चारमधील वस्तू संचालकांच्या तोंडी आदेशाने काढण्यात आल्या. त्या खाद्यपदार्थ होत्या. खाली सही.

"बदली गेली सर तुमची," कुंदाताई म्हणाल्या.

"इथलं ऊन सवयीचं झालंय," सर म्हणाले, आणि तो पेला त्यांनी स्वतःच संपवला.

*

वीज शुक्रवारी दुपारी दोनला आली. सत्तावीस तास. रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. कुंदाताई चार नंबरला पाठ लावून बसल्या होत्या, जो कोणी हात पुढे करेल त्याचा हात धरायला. पुण्याहून निरोप आला: पंधरा वर्षंही चालतील. पण आता यातलं एकही कमी होऊ देऊ नका. दोन जूनपर्यंत दार उघडू नका.

राजधानीहूनही निरोप आला. सरांचा कागद तिथे पोचायच्या आधी हिमपालचा अहवाल पोचला होता. संकटकाळात सर्वाधिक कार्यरत राहिलेला फ्रीझर म्हणून चार नंबरची निवड झाली होती आणि प्रसिद्धी विभागाची गाडी चार वाजता येत होती. चौकशीची गाडी सोमवारी येणार होती. दोन्ही विभाग वेगळे असल्यामुळे त्यात कोणालाच विसंगती वाटली नाही.

गाडीतून एक घामेजलेली मुलगी उतरली. गळ्यात कॅमेरा. आठ तास प्रवास करून आली होती आणि पुढे तिला गोंदिया गाठायचं होतं. तिने कुंदाताईंना चार नंबरशेजारी उभं केलं. देविदासला त्यांच्या बाजूला. सरांना थोडं मागे. कुंदाताईंनी ऐकलं तसं केलं. त्यांना फक्त झोपायचं होतं.

मुलीने काही फोटो काढले, पडद्यावर पाहिले आणि तिचं मन भरेना.

"मॅडम, छानच आलेत," ती अजिजीने म्हणाली. "पण मागे नुसता पांढरा पत्रा दिसतोय हो. एकदाच, दोन मिनिटं, दार उघडून उभ्या राहाल का?"